पन्हळीवरचे ओझे
1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. सांताक्रूझला 26-27 जुलै 2005 या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे 50 चौरस मीटरच्या छपरावर 47,200 लिटर!

पन्हळीला दर 3 मीटरला 1 सेंटिमीटर उतार पुरतो. पण तोंडाशी पाला अडकला तर? 10 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद व तेवढीच खोल पन्हळ तुंबली की तिच्यात सुमारे 83 लिटर पाणी साठते (100 का नाही, ते उतारावरून ताडून पाहा). म्हणजे 83 किलोग्रॅम ओझे! आधाराच्या पट्ट्या दूरदूर असल्या तर पत्रा मध्येच झोळासारखा लोंबतो, तिथे पाणी कायमचे साचते आणि काठावरून सांडून भिंतीत मुरते. भोके बुजवण्याआधी म्हणून उतार तपासावा. वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतले की झोळ दिसतो. पाला मृगापूर्वी काढावा, अंगणात झाडे असल्यास श्रावणात पुन्हा.