नाइट शिफ्ट, गोठ्यातली

नाइट शिफ्ट म्हटलं की तुम्हाला कॉल सेंटर आठवतं? आता समजा, तुम्ही व्हेट आहात आणि रात्री दोनला मोबाइल वाजतो. ‘डॉक्टरसाहेब, म्हस उठंना झालीया!’ पत्ता गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचा. हो, तीच नेसरी, जिथं १६७४ मध्ये प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले.

म्हैस कालच व्यायलीय. मान कुशीला वळवून बसलीय, कान गार. आजाराचं नाव ‘मिल्क फिव्हर’, पण यात ताप नसतोच! दूध सुरू होताना रक्तातलं कॅल्शियम घटलेलं असतं. ते शिरेतून द्यायचं, अगदी हळूहळू. घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून हात सुईवर आणि कान स्टेथोस्कोपला. पेशंट काही बोलणार नाही, आणि घरच्यांचं दुधाचं बिल तिच्यावरच अवलंबून. जमलं, तर थोड्या वेळात म्हैस उठून उभी! असं अप्रेझल कुठल्या ऑफिसात मिळतं?

रस्ता सोपा नाही. बारावीला बायॉलॉजी, मग ‘नीट’, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची डिग्री. परळचं कॉलेज १८८६ पासूनचं. पुणे-सातारा रोडवर शिरवळलाही आहे. शहरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस आहेच. पण २०२२ मध्ये ‘लम्पी’ आला, तेव्हा गोठ्यागोठ्यांत लस घेऊन फिरत होते ते हेच डॉक्टर.

प्राणी आवडतात, एवढंच कारण पुरणार नाही. रात्री दोनला उठायची तयारी आहे? मग भरा फॉर्म!