कुलपातला पुरावा

ज्याच्या हाती कागद, त्याच्या बाजूने निकाल, हे आपल्या वाडवडिलांनी सोसून ओळखले होते. त्यांना कागद वाचता येत नव्हता. आपण वाचू शकतो. परंतु कागदच कुलपात असेल तर त्या साक्षरतेचे काय करायचे? अमेरिकेतील एका दिवाणी दाव्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला.

न्यू जर्सीच्या रोझ सिपोलोन या बाईने सुमारे 40 वर्षे सिगारेट ओढली. फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावर तिने 1983 साली तीन सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. 1984 साली ती वारली. पुढे नवऱ्याने दावा चालविला. तेथे दाव्याशी संबंधित अंतर्गत कागद प्रतिपक्षाला दाखवावे लागतात. मात्र संघीय दिवाणी प्रक्रियेच्या 26 व्या नियमान्वये, सबळ कारण असल्यास, न्यायालय ते गुप्त ठेवण्याचा हुकूम देऊ शकते. 1985 साली कंपन्यांनी तसा व्यापक हुकूम मिळविला. कागद याच दाव्यापुरते वापरायचे, बाहेर न्यायचे नाहीत! म्हणजे तोच रोग झालेल्या दुसऱ्या वादीने तोच पुरावा पुन्हा पहिल्यापासून खणायचा. पीडितांना एकेकटे पाडणे, हेच अशा हुकुमाचे खरे बळ.

1986 साली अपील न्यायालयाने दंडक घालून दिला. दाव्याच्या सोयीसाठी सरसकट हुकूम देता येईल. पण एखाद्या कागदाला हरकत घेतली गेली, की गुप्ततेची गरज सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच. 'आमचे नुकसान होईल' हे मोघम बोलणे चालणार नाही. नेमकी हानी उदाहरणासह दाखविली पाहिजे.

हा भेद महत्त्वाचा आहे. तंबाखूच्या मिश्रणाची कृती हे धंद्याचे गुपित मानता येईल. माल घातक असल्याचे कंपनीला ठाऊक होते, हे सांगणारा कागद मात्र गुपित नव्हे. तो पुरावा आहे. 1998 साली मिनेसोटा राज्याच्या दाव्यात तडजोड झाली, तेव्हा सिगारेट कंपन्यांचे लाखो कागद जनतेसाठी खुले झाले. त्यांतून त्यांना काय ठाऊक होते, ते जगाने वाचले.

म्हणून गुप्ततेची मागणी येताच कार्यकर्त्याने विचारावे: कोणता कागद? कोणते नुकसान? किती काळ? आणि दावा संपल्यावर तो कोणाच्या ताब्यात? या प्रश्नांना उत्तर न मागता सही करणे म्हणजे पुन्हा अंगठाच उठविणे होय.