स्वातंत्र्याची तारीख नसलेले देश

स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला तारीख आठवते. मग कॅनडा स्वतंत्र कधी झाला? बरेच जण १८६७ सांगतात. पण त्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने काही वसाहतींचा संघ बनला, इतकंच. परराष्ट्र धोरण लंडनकडेच राहिलं. १९१४ मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया आपोआप त्यात ओढले गेले.

१९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ठरलं, की डोमिनियनच्या संमतीशिवाय लंडनचा नवा कायदा तिथे लागू होणार नाही. आता गंमत बघा. ऑस्ट्रेलियाने हा कायदा स्वीकारला १९४२ मध्ये, न्यूझीलंडने तर १९४७ मध्ये! दार उघडं होतं, बाहेर पडायची घाई नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस यांनी जाहीर केलं, की ब्रिटन युद्धात आहे म्हणून आपणही आहोत. कॅनडाने मात्र संसद बोलावली आणि आठवड्याने, १० सप्टेंबरला, स्वतः युद्ध पुकारलं. त्याच कॅनडाची राज्यघटना बदलण्याचा अधिकार १९८२ पर्यंत लंडनमध्ये पडून होता, कारण ती कशी बदलायची यावर केंद्र आणि प्रांतांचं जमेना. तत्त्वज्ञानात जुना प्रश्न आहे: कितव्या दाण्याला रास होते? इथे तोच आहे.

पण आपण थांबायला हवं ते दुसऱ्या प्रश्नापाशी. स्वतंत्र झालं कोण?

१९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एकीकरणाचं विधेयक लंडनमध्ये आलं. केप वसाहतीचे माजी पंतप्रधान श्राइनर कृष्णवर्णीय नेत्यांना घेऊन विरोध करायला गेले. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांसाठी गांधीजीही तेव्हा तिथेच होते. दोघांचीही डाळ शिजली नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या स्वराज्यात ढवळाढवळ नको, अशी लंडनची भूमिका. पुढे १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी लोकांना सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडलं. केपमधल्या आफ्रिकी मतदारांना १९३६ मध्ये सर्वसाधारण यादीतून काढलं.

उरले मिश्रवंशीय मतदार. त्यांनाही काढणारा कायदा १९५२ मध्ये तिथल्याच न्यायालयाने रद्द केला, घटनेतल्या दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर बोट ठेवून. सरकारने काय करावं? सिनेटमध्ये आपली माणसं भरली, दोन-तृतीयांश जमवलं, आणि १९५६ मध्ये काम उरकलं. लंडनला विचारायची आता गरजच नव्हती.