उंद्रीहून एकट्यानं कोकणचा समुद्र बघायचाय? कमी खर्चाचं गणित असं जुळतं

मोबाइलवर सध्या इटलीच्या किनाऱ्याचे रील्स धडाक्यात फिरतायत. डोंगराच्या कडेला रंगीत घरं, खाली निळाशार समुद्र आणि बॅग पाठीला लावून एकटाच फिरणारा कुणीतरी. बघून आपल्यालाही वाटतं, एकदा जावं. पण शेंगेन व्हिसाची नुसती फीच ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमान, विमा, हॉटेल हे सगळं त्यानंतर.

मग चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या पोराला किंवा पोरीला एकट्यानं समुद्र बघायचा असेल तर? त्यासाठी आपलं मालवण आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. समुद्रातला किल्ला, वाळूचे किनारे आणि खाडी, सगळं एसटीच्या टप्प्यात आहे.

एकट्याचा खर्च का वाढतो?

गाडीचं तिकीट माणशी असतं. चौघं गेले काय नि एकटा गेला काय, दर तोच. खर्च वाढतो तो वाटून न घेता येणाऱ्या गोष्टींमुळे. खोलीचं भाडं, रिक्षा आणि खासगी बोट यांचा पूर्ण भार एकट्याच्या खिशावर पडतो. म्हणून एकट्यानं जाताना या तीन गोष्टी कमी कशा होतील, हे आधी बघायचं.

इटलीत चिंक्वे तेर्रेला जाणारे काटकसरी प्रवासीही हेच करतात. समुद्रावरच्या महाग गावात न राहता ते शेजारच्या ला स्पेत्सिया शहरात मुक्काम करतात आणि लोकल रेल्वेनं ती पाच गावं फिरतात. आपल्याकडे तेच काम मालवण शहर करतं. मुक्काम एसटी स्टँडजवळ ठेवा. चिवला बीच, बाजार आणि जेटी पायी होतात. तारकर्ली, देवबागला एसटी किंवा शेअर रिक्षा बघा. त्यामुळे रोज स्वतंत्र रिक्षा करावी लागत नाही.

जायचं कसं?

उंद्रीहून खामगावमार्गे शेगाव गाठा. तिथून रात्री अमरावती–मुंबई एक्स्प्रेस मिळते, ती पहाटे सीएसएमटीला पोचवते. तिथूनच सकाळी मांडवी एक्स्प्रेस सुटते. तिनं कुडाळला उतरायचं आणि एसटीनं मालवण गाठायचं.

येताना कुडाळहून रात्रीची कोकणकन्या धरा. सकाळी मुंबई, दिवसभर फिरा आणि रात्री पुन्हा अमरावतीची गाडी पकडा. हिशोब बघा: घराबाहेर सहा रात्री, त्यातल्या तीन रेल्वेत. म्हणजे खोलीचं भाडं तीनच रात्रींचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात. शिवाय जाताना दोन गाड्या आहेत, पहिली उशिरा आली तर दुसरी चुकू शकते. तिकीट काढताना दोन्ही पीएनआर जोडून घ्या. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर नियमानुसार तिचे पैसे परत मागता येतात. शेगावमार्गे नागपूर–मडगाव विशेष गाडीही चालवली गेली आहे. तुमच्या तारखांना ती असेल तर मुंबईत गाडी बदलायची गरजच नाही.

एसटीत महिलांना राज्यात अर्धं तिकीट आहे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो, पण तो रोज लांबचा प्रवास करणाऱ्यालाच परवडतो. एकाच ठिकाणी राहणार असाल तर साधं तिकीट बरं.

कधी जायचं?

सोयाबीन घरात आलं, हातात चार पैसे आले की दिवाळी येते. पण दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवं वर्ष हे दिवस टाळा, तेव्हा खोल्यांचे दर चढतात. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, डिसेंबरची सुरुवात किंवा जानेवारी–फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार उत्तम.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट बंद असते आणि कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळाही बदलतात. किल्ला बघायचा असेल तर तेव्हा जाऊ नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला लांबून बघून परत येणं जिवावर येईल. एरवी जेटीवरून माणशी तिकिटाची बोट मिळते, त्यामुळे वेगळी बोट करावी लागत नाही.

एकटं जाताना काय सांभाळायचं?

काही लॉज एकट्या माणसाला खोली द्यायला टाळाटाळ करतात. आधीच फोन करून विचारा: “मी एकटा येतोय, खोली मिळेल ना? भाडं किती?” आधार कार्ड जवळ ठेवा. जेवायला खानावळीतली थाळी स्वस्त पडते. मासे नको असतील तर शाकाहारी थाळी मागा. माशाच्या थाळीचा दर मात्र आधी विचारून घ्या, तो माशावर ठरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समुद्र. विहिरीत, धरणात पोहता येतं म्हणून समुद्रात उतरू नका. तिथली ओढ वेगळी असते आणि एकटे असाल तर हाक मारायलाही कुणी नसतं. गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नका आणि स्थानिक माणसानं ‘नको’ म्हटलं की ऐका. घरी मुक्कामाचा पत्ता आणि गाड्यांची नावं लिहून ठेवा. रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा. अडचण आली तर ११२ नंबर आहेच.

सुरुवात कुठून करायची? आधी परतीच्या गाडीची तारीख ठरवा, मग जाण्याची, आणि खोली सगळ्यात शेवटी. खोलीचे पैसे आधी भरले आणि तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर भुर्दंड एकट्यालाच पडतो.