बेलीफ दारात आला तर: घाबरायचं कशाला आणि विचारायचं काय



गावात कोर्टाचा माणूस दिसला की घरातले पुरुष मागच्या दाराने रानात जातात. घरात उरलेल्या बाईला सांगून जातात, "काही घेऊ नको, कशावर सही करू नको." ती बिचारी दार लावून बसते. त्या दिवसापुरतं संकट टळल्यासारखं वाटतं, पण ते टळलेलं नसतं, वाढलेलं असतं. ते कसं, आणि बेलीफ म्हणजे नेमका कोण, त्याला काय करता येतं आणि काय नाही, हे या अंकात समजून घेऊ.

बेलीफ कोण असतो?

बेलीफ हा दिवाणी न्यायालयाचा कर्मचारी. आपल्या जिल्ह्यात नगरला जिल्हा न्यायालय आहे, आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा अशा तालुक्यांच्या गावीही न्यायालयं आहेत. तिथल्या नाझर विभागातून बेलिफाला कागद मिळतात. समन्स आणि नोटिसा पोहोचवणं, जप्तीचं वॉरंट बजावणं, जमिनीचा किंवा घराचा ताबा देणं आणि काय घडलं त्याचा अहवाल न्यायालयाला देणं, हे त्याचं काम.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बेलीफ निकाल देत नाही. तो आपल्या मनाने मुदत वाढवू शकत नाही, रक्कम कमी करू शकत नाही, केस मिटवू शकत नाही. म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या हातापाया पडण्यातही नाही. जे सांगायचं ते न्यायाधीशांपुढे. बेलिफाच्या कामात अडथळा आणणं किंवा त्याच्यावर हात उगारणं हा मात्र गुन्हा आहे.

समन्स पोहोचवण्याचा खर्च दावा लावणाऱ्याने न्यायालयात भरलेला असतो. समन्स घेणाऱ्या बाईने चहापाण्याचेसुद्धा पैसे द्यायचे नसतात. कोणी मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

समन्स आलं तर घ्या

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ प्रमाणे ज्याच्या नावाचं समन्स आहे तो घरी नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे ते देता येतं, मग ती व्यक्ती पुरुष असो की स्त्री. फौजदारी समन्सचा नियम पूर्वी वेगळा होता. ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येत असे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आणि आता तेही घरातल्या बाईकडे देता येतं. म्हणजे दारात उभ्या असलेल्या बाईचा शब्द आणि सही आता दोन्हीकडे धरली जाते.

समन्सवर सही करणं म्हणजे कर्ज कबूल करणं नाही. "कागद मिळाला" एवढाच त्या सहीचा अर्थ. सही करताना तारीख घाला आणि कागद पोहोचता झाला की ज्याच्या नावाचा आहे त्याला त्याच दिवशी कळवा.

नाकारलं तर? बेलीफ समन्सची प्रत दाराला चिकटवतो. घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर चिकटवलं हे अहवालात लिहितो. समन्स बजावलं गेलं असं न्यायालय मग धरू शकतं. तारखेला आपल्या बाजूने कोणी हजर नसलं की दावा एकतर्फी चालतो, आणि समोरच्याने सांगितलं तेवढंच न्यायाधीशांपुढे राहतं. लेखी उत्तराला, म्हणजे कैफियतीला, समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. न्यायालयाने कारण मान्य केलं तर ९० दिवसांपर्यंत.

हे लेकीबाळींच्या बाबतीत फार घडतं. माहेरी जमिनीच्या वाटपाचा दावा लागतो आणि बहिणींना सासरच्या पत्त्यावर समन्स येतं. "तुला त्यात काय करायचंय, कागद फेकून दे," असं कोणीतरी सांगतं. ती फेकते, आणि तिच्या हिश्शाबद्दल तिचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो. हिस्सा घ्यायचा की सोडायचा हे तुम्ही ठरवा, पण कागद वाचून आणि कोर्टात जाऊन ठरवा.

एकतर्फी निकाल झालाच असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स नीट बजावलंच गेलं नव्हतं, तर निकाल कळल्याच्या दिवसापासून हे ३० दिवस मोजतात.

आपल्या जिल्ह्याने हे सोसलेलं आहे

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुरुवात १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात झाली आणि आग आपल्याकडे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोहोचली. लोकांनी मुख्यतः सावकाराच्या घरातली कर्जखतं आणि हुकूमनामे शोधून जाळले. कारण त्याच कागदांच्या जोरावर जमिनी जात होत्या. सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा कोर्टातले कितीतरी निकाल एकतर्फी झालेले दिसले. शेतकरी कोर्टाची पायरी चढतच नव्हता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये, आणि न्यायाधीशाने कर्जाचा मूळ हिशेब तपासावा, अशा गोष्टी त्यात आल्या. दीडशे वर्षं होत आली, तरी कोर्टाच्या कागदाकडे पाठ फिरवायची सवय गेलेली नाही.

जप्तीचं वॉरंट घेऊन आला तर

निकाल आपल्याविरुद्ध लागला आणि पैसे भरले नाहीत, तर समोरचा "दरखास्त" दाखल करतो. हुकूमनाम्यापासून १२ वर्षांपर्यंत दरखास्त करता येते. त्यानंतर वॉरंट निघतं. बेलीफ आला की पुढच्या गोष्टी बघा:

१. ओळखपत्र आणि वॉरंट मागा. न्यायालयाचा शिक्का, दरखास्तीचा नंबर, नाव आणि रक्कम वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या लिहित्या-वाचत्या ताईला बोलवा.

२. वेळ बघा. सामान जप्त करण्यासाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही.

३. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. कलम ५६ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. "पोलीस आणून आत टाकू" ही धमकी अशा वेळी पोकळ असते.

४. काही वस्तू जप्त होत नाहीत. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची शेतीची अवजारं, आणि पोट भरण्यापुरती लागतील असं न्यायालयाला वाटेल तेवढी जनावरं आणि बियाणं. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर. हे सगळं कलम ६० मध्ये आहे. पण सावध राहा. घर गहाण ठेवलं असेल तर हे संरक्षण मिळत नाही. शेतजमीन आणि बाकीचे दागिने जप्त होऊ शकतात.

५. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहिली आहे का ते बघूनच सही करा. पैसे भरलेत तर पावती घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नवऱ्याचं कर्ज आणि तुमच्या शेळ्या

हा प्रश्न बैठकीत नेहमी येतो. कर्ज नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, आणि जप्तीत निघाल्या गटाच्या कर्जातून तुम्ही घेतलेल्या शेळ्या किंवा तुमचं शिलाई मशीन. अशा वेळी बेलिफाला तिथल्या तिथे सांगा की वस्तू माझी आहे, आणि तशी नोंद पंचनाम्यात करायला लावा. मग लिलावाआधी न्यायालयात हरकत अर्ज द्या. लिलाव होऊन गेल्यावर हा अर्ज चालत नाही. पुरावा म्हणून बिल, गटाच्या कर्जाची नोंद, बँक पासबुक आणि विम्याचा कागद कामी येतो. म्हणून गटाच्या पैशातून घेतलेल्या वस्तूचं बिल स्वतःच्या नावावर करा आणि जपून ठेवा.

जमीन जप्त होते तेव्हा ती विकायला किंवा गहाण ठेवायला मनाई होते. गावात दवंडी पिटतात, हुकमाची प्रत जमिनीवर, न्यायालयात आणि ग्रामपंचायतीत लावतात. लिलावाची जाहीर नोटीस लागल्यापासून १५ दिवस झाल्याशिवाय स्थावर मालमत्तेचा लिलाव करता येत नाही. आणि लिलाव झाला तरी ६० दिवसांत सगळी देणी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर तो रद्द करून घेता येतो. ग्रामपंचायतीचा फलक वाचायची सवय म्हणूनच लावा.

दारात येणारा प्रत्येक जण बेलीफ नसतो

आपला जिल्हा सहकाराचा. पतसंस्थेचं कर्ज थकलं तर बहुतेक वेळा येतो तो सहकार कायद्याचा वसुली अधिकारी. कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात आणि त्यावर तो जप्ती करतो. निबंधक कार्यालयाची नोटीस आली की त्याच सुनावणीला जाऊन हिशेब मागा. दाखला निघाल्यानंतर त्याविरुद्ध वर दाद मागायची तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तुम्ही जामीनदार असाल तरी हे सगळं तुम्हाला लागू आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही दे" असं म्हणणाऱ्या भावजयीला हे वाचून दाखवा.

बँक तारण घराचा ताबा सरफेसी कायद्याने घेऊ शकते. त्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

मायक्रोफायनान्स कंपनीचा वसुलीचा माणूस मात्र कोणताही अधिकारी नाही. त्याला घरात शिरायचा किंवा वस्तू उचलायचा हक्क नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तो फोन करू शकत नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायची असते. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत, तरच त्याने घरी यायचं.

बेलीफ तुमच्याही कामाचा

कोर्टाने तुमच्या बाजूने निकाल दिला आणि समोरचा पैसे किंवा ताबा देत नाही, तर दरखास्त तुम्हीही करू शकता. समोरच्याकडे काय मालमत्ता आहे हे त्याला शपथेवर सांगायला लावा, अशी विनंती न्यायालयाला करता येते. बेलिफाला नीट पत्ता, गट नंबर आणि वस्तूंची माहिती दिलीत तर वॉरंट रिकामं परत जात नाही. पोटगी थकली असेल तर लक्षात ठेवा, प्रत्येक महिन्याची थकलेली रक्कम वर्षाच्या आत अर्ज करून मागावी लागते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, आणि फोनसाठी १५१०० हा नंबर आहे. जाताना आलेला कागद जसाच्या तसा, पाकिटासकट न्या.

पुढच्या मासिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. मग प्रत्येकीला विचारा: घरात न उघडलेला एखादा कोर्टाचा कागद ठेवलाय का? असेल तर त्यावरची तारीख आधी बघा.