जुने बिल आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

दातदुखी थांबली की मनुष्य ती विसरून जातो. पण एखादे दिवशी टपालाने पूर्वीच्या दंतवैद्याचे पत्र येते : चार वर्षांपूर्वीच्या रूट कॅनालची बाकी येणे आहे, ती आठ दिवसांत भरावी. घरात पावती सापडत नाही आणि मंडळी घाबरून जातात. कोणी म्हणतो, देऊन टाका. कोणी म्हणतो, पत्र फाडून टाका. हे दोन्ही मार्ग ख्रिस्ती माणसाला शोभणारे नव्हेत.

प्रथम कायदा पाहू. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, पैसे देण्याची निराळी मुदत ठरली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मात्र त्या अवधीत आपण सहीनिशी बाकी कबूल केली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत टळल्यावरही 'देईन' असे सही करून लिहून दिले, तर १८७२ च्या करार कायद्याने ते वचन बंधनकारक ठरते. म्हणून हिशेब पाहिल्यावाचून कोठेही सही करू नये.

उत्तर मात्र अवश्य द्यावे, व तेही लेखी. उपचार कोणत्या तारखेस झाला, दर काय ठरला होता, किती रक्कम जमा आहे, आणि बाकी नेमकी कशाची, हे नम्रपणे विचारावे. सविस्तर हिशेब मिळेपर्यंत मागणी मान्य नाही, असे स्पष्ट लिहून पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे व नक्कल जपून ठेवावी. दरम्यान बँकेचे पासबुकही चाळावे.

औराद-भालकीकडील आपली माणसे उपचारासाठी उदगीर-लातूरलाही जातात. वैद्य परराज्यातला, तेव्हा दाद कोठे मागावी, ही त्यांची चिंता असते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. ठरल्याहून अधिक रक्कम घेतली गेली असेल, तर २०१९ च्या कायद्यान्वये ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बिदर किंवा कलबुर्गी येथेच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्लाही मिळतो.

परंतु वाचकहो, येथेच थांबून चालणार नाही. मुदत टळली म्हणजे न्यायालयाचे दार बंद होते. ऋण फिटत नाही. हिशेब तपासल्यावर बाकी खरोखरच आपली निघाली, तर सातवी आज्ञा तारीख विचारीत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागून घ्यावेत, पण ते फेडावे. बाकी खोटी निघाली, तर निर्भयपणे नकार द्यावा; जे येणे नाही ते मागणे हाही त्याच आज्ञेचा भंग आहे. तथापि चूक एखाद्या कारकुनाच्या वहीतलीही असू शकते. म्हणून चावडीवर वैद्याची बदनामी करू नये. आठवी आज्ञा त्याच्या नावाचेही रक्षण करते.

दुसऱ्याचे ठेवू नये आणि आपले भीतीपोटी सोडू नये. आपल्या मुलांनी घरात हाच व्यवहार पाहावा.