आटे जुळले पाहिजेत

सायकल कारखान्यात पूर्ण तयार होते, हा समज कळंबच्या सायकल दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की गळून पडतो. इथे लुधियानाहून येतं ते खोकं. त्यात सांगाडा, चिमटा, चाकं, हँडल, सीट, चेनकव्हर सुटं असतं. असा माल ट्रकमध्ये जास्त मावतो, म्हणून जुळणीचं शेवटचं काम दुकानावर येतं.

मिस्त्री आधी चाकाचा आऊट काढतो. चाक चिमट्यात लावून फिरवतो, ब्रेकच्या रबराशी रिम कुठे घासते ते बघतो. मग तिथली एका बाजूची तार किंचित आवळायची, समोरची किंचित ढिली करायची. काळ्या जुन्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा; हात तिच्यावरच बसलेला. पायडल लावायला मी पुढे झालो तर म्हणाला, "भाऊ, डावं उलट्या आट्याचं हाय. जोर लावून काई होत नाई."

या आट्यांतच खरी गोम आहे. सायकलीचा धंदा जगभर हिंडला. अमेरिकेच्या श्विन कंपनीने आपलं काम तैवानच्या जायंटकडे आणि पुढे चीनकडे नेलं, आणि 1992 साली स्वतः दिवाळखोरीत गेली. युरोपने 1993 पासून चिनी सायकलींवर अँटी-डंपिंग शुल्क बसवलं. आपल्याकडे 1956 साली लुधियानात सुरू झालेली हिरो सायकल्स 1986 मध्ये उत्पादनात जगात पहिली म्हणून गिनेस बुकात गेली. अ‍ॅटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनी! पण फ्रीव्हीलचं जुनं इंग्रजी माप टिकलं: व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे. म्हणून लुधियानाच्या हबवर चिनी फ्रीव्हीलही निमूट बसतं आणि कळंबच्या मिस्त्रीला माल कुठला, हे विचारावं लागत नाही.

गिअरच्या सायकलीत हे सुख संपतं. डिस्कचे पॅड मॉडेलगणिक वेगळे, शिफ्टर मागचे गिअर किती त्यावर ठरणार. एक बारका तुकडा मिळेना म्हणून अख्खी सायकल कोपऱ्यात पडून राहते.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून गावच्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5,000 रुपये मिळतात. त्या पैशांत पोरीला साधी, बिनगिअरची सायकलच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला फिकी असेल, पण शाळा बुडणार नाही.

आणि नवी सायकल महिनाभर चालवली की एकदा दुकानात परत न्याच. तारा तोवर सैलावतात, क्रँकचा नटही ढिला होतो. तसंच चालवलं तर क्रँकचं भोक झिजतं आणि मग नट कितीही आवळला तरी क्रँक घट्ट बसत नाही.